हिलमी बरहूम माफी मागायला जातो

“लेखक कुणाला भीत नाही. भीतीच लेखकाला भिऊन असते.”

हे वाक्य हिलमी बरहूमने तेल अवीवमधल्या एका थंडगार सभागृहात, तीनशे माणसांसमोर, निर्दोष हिब्रूत उच्चारलं. टाळ्या पडल्या. पहिल्या रांगेतल्या एका बाई ते वहीत उतरवून घेऊ लागल्या. त्यांचं उतरवून होण्याआधी हिलमीने खिशात थरथरणारा फोन काढून आईचा निरोप वाचला, पाण्याचा पेला एका दमात रिकामा केला आणि शेजारी बसलेल्या सूत्रसंचालकाला हळूच विचारलं, “इथून मागच्या बाजूने बाहेर पडता येतं का?”

माइक चालू होता. लोकांना तो विनोद वाटला. पुन्हा टाळ्या पडल्या.

निरोप असा होता : ‘अबू नौफल आज तिसऱ्यांदा येऊन गेला. तू कधी येणार विचारतो. काम काय ते मला सांगत नाही. फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी काखेत होतं. येताना वांगी आणू नकोस, घरात आहेत.’

हिलमी पन्नाशीचा, गालीलच्या डोंगरातल्या ऐन सुम्माक गावचा. जातिवंत अरब, आणि त्याच्या सहाच्या सहा कादंबऱ्या हिब्रूत. हिब्रूत का लिहिता, असं त्याला दर मुलाखतीत विचारत. भाषा ही कुणाची जहागीर नव्हे, असं तो सांगे, आणि ते छापूनही येई. खरं कारण फक्त त्याची बायको नुहा हिला ठाऊक होतं. अरबीत लिहायला बसलं की आपली आई मागे उभी राहून खांद्यावरून वाचते आहे असं त्याला वाटे, आणि तिच्यामागे मावशी, आणि मावशीच्या मागे सगळं गाव. हिब्रूत खोलीचं दार आतून लावता येत होतं.

गावाला हिब्रू वाचता येत नव्हती अशातला भाग नाही. चार-दोन म्हातारे सोडले तर सगळं गाव रोज हिब्रू वाचत असे : विजेचं बिल, दवाखान्याची चिठ्ठी, गाडीच्या दंडाची पावती, वाढीव बांधकाम पाडण्याची नोटीस. हिलमीचा सिद्धान्त यावरच उभा होता. ज्या भाषेत नोटीस येते त्या भाषेत हौसेने गोष्ट कोण वाचेल? या सिद्धान्ताच्या आडोशाने त्याने बावीस वर्षांत आणि पाच कादंबऱ्यांत अर्धं गाव नागवं करून तेल अवीवच्या दुकानांच्या काचेत मांडलं, आणि दर ईदला गावात जाऊन त्याच माणसांच्या घरी निर्लज्जपणे मिठाई खाल्ली.

सहावीत मात्र त्याच्याकडून पाप घडलं.

सहाव्या कादंबरीत ऑलिव्हच्या घाण्याचा एक म्हातारा मालक होता. एक खांदा खाली, घाण्यात पिंजऱ्यातली कॅनरी, रोज सकाळी उपाशीपोटी वाटीभर तेल पिणारा, जपमाळ उलटी ओढणारा. हा माणूस हिलमीने निर्माण केला नव्हता. तो त्याच्या आईच्या घराला लागून असलेल्या घाण्यात पंचाहत्तर वर्षं तयारच होता, आणि त्याचं नाव अबू नौफल. हिलमीने निर्माण केला तो फक्त त्याचा गुन्हा. जुन्या लष्करी अंमलाच्या काळात, गावाबाहेर पाऊल टाकायलाही परवान्याचा कागद लागायचा तेव्हा, हा कादंबरीतला मालक दर गुरुवारी लष्करी अधिकाऱ्याच्या दाराखालून चिठ्ठी सरकवी. कोण कुठे गेलं, कुणाकडे कोण उतरलं. अशा एका चिठ्ठीने शेजारचा मुलगा तुरुंगात जातो आणि पुन्हा दिसत नाही. हे सगळं कपोलकल्पित होतं. संपादकाला फार आवडलं. “चिठ्ठ्या त्याने हिब्रूत लिहिल्या असं कर,” तो म्हणाला होता, “मग काळीज चिरेल.” हिलमीने तसं केलं.

आता काळीज चिरत होतं, पण हिलमीचं.

“त्याने वाचलं,” त्या संध्याकाळी हैफातल्या घरी तो नुहाला म्हणाला. तो खिडकीपासून लांब, फ्रिजच्या आडोशाला उभा होता.

नुहा औषधांच्या दुकानात काम करी. भ्यालेली माणसं तिला रोजची होती. “अबू नौफलने? अरे, त्याला हिब्रू वाचता येत नाही.”

“मुलांना येते. पाच मुलगे आहेत. थोरला नौफल बुलडोझर चालवतो.”

“मग तो तुझ्यावर बुलडोझर घालणार आहे का?”

“गेल्या महिन्यात नुसत्या गाडी लावण्याच्या भांडणावरून तिथे एकाची गाडी जाळली. त्याआधी न्हाव्याच्या शटरवर गोळ्या झाडल्या. का, तर केस वाकडे कापले. आणि मी त्यांच्या बापाला खबऱ्या म्हटलंय, नुहा. खबऱ्या.”

नुहाने हातातली भाजी खाली ठेवली. हा शब्द तिलाही कळत होता. ज्या घराच्या दारावर तो एकदा लिहिला जातो, त्या घरच्या मुलींना स्थळं येत नाहीत आणि मुलग्यांना कुणी मयताला बोलावत नाही. आणि एखाद्यावर तो खोटा लिहिणाऱ्याचं काय होतं, तेही ठरलेलं होतं. जीव वाचलाच तर घरच्यांना गाव सोडावं लागतं. हिलमी हैफात राहत होता, त्याला कुणी काय सोडायला लावणार? गावात राहत होती ती त्याची आई. एक्याऐंशी वर्षांची, दोन गुडघे गेलेली, नवऱ्याने लावलेल्या अंजिराखाली रोज खुर्ची टाकून बसणारी.

“तू सभेत काय बोललास आज?” नुहाने विचारलं.

“काही नाही. नेहमीचंच.”

दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, तो गावात पोचला. आईच्या दारात त्याने गाडी थांबवली. अंगणाची भिंत एका बाजूने आडवी झाली होती आणि अंजिराची खालची फांदी मोडून लोंबत होती.

“हे कुणी केलं?”

“अबू नौफलच्या गाडीने,” त्याची आई उम्म हिलमी वांगी सोलता सोलता म्हणाली. “मागच्या सोमवारी. सरळ आत आली. मी पायरीवर उभी होते. तो उतरला, भिंतीकडे बघितलं, परत गाडीत बसला आणि निघून गेला.”

“काही बोलला नाही?”

“एक शब्द नाही. आणि परवा रस्त्यात समोरासमोर आलो. साठ वर्षांचा शेजार. मी म्हटलं, अबू नौफल, सलाम. तर माझ्या अंगावरून आरपार बघत गेला. मी काय खांब आहे?”

हिलमी भिंतीजवळ वाकला. पडलेल्या दगडांवर हिरवा रंग लागला होता. लेखक असल्याने त्याला खुणांचे अर्थ लगेच लागत. भिंत पाडणं म्हणजे इशारा. सलाम तोडणं म्हणजे दावा मांडणं. आणि मग तीन वेळा घरी येणं.

“ते फडक्यातलं केवढं होतं?”

आईने सुरी खाली ठेवून दोन्ही हातांनी माप दाखवलं. हिलमीने ते मनात धरून पाहिलं. त्याच्या कादंबरीची जाडी तेवढीच होती. पिस्तुलाचीही साधारण तेवढीच असावी.

“जेवतोस ना?”

“भूक नाही.”

“मग तापच आहे तुला,” आई म्हणाली.

घाण्याकडून यंत्राची घरघर येत होती. हंगाम सुरू झाला होता, हवेत कच्च्या तेलाचा तिखट वास भरला होता. गल्लीच्या तोंडाशी पिवळा बुलडोझर उभा होता. नौफल तो हंगामात तिथेच लावी, पण हिलमीला हे त्या क्षणी आठवलं नाही. तो घराच्या मागच्या बाजूने बाहेर पडला, दोन कुंपणं ओलांडली, पँट फाडून घेतली आणि हाजी झैदानच्या दारात हजर झाला.

हाजी झैदान म्हणजे चार तालुक्यांतला सलोखा करणारा माणूस. खून, पळवापळवी, शेताच्या बांधाची भांडणं असे चाळीसेक वणवे त्याने विझवले होते. अशा कामासाठी घालायचा त्याचा तपकिरी अंगरखा खुंटीवर कायम इस्त्री करून टांगलेला असे, अग्निशामक दलाच्या गणवेशासारखा.

“बस बाळ. कोण मेलं?”

“कुणी नाही.”

“गाडी?”

“नाही, हाजी.”

“मुलगी?” हाजी पुढे झुकला.

“नाही. पुस्तक.”

हाजीचा चेहरा पडला. “पुस्तक,” तो म्हणाला. “कुणी कुणाच्या डोक्यात घातलं?”

हिलमीने सगळं सांगितलं. हाजीने डोळे मिटून ऐकलं. खबऱ्या हा शब्द आल्यावर उघडले.

“कुठल्या भाषेत आहे हे?”

“हिब्रूत.”

“मग वाचलं कुणी?”

“लबीब मास्तरांनी वाचलंय. त्यांचं पत्र आलं होतं, चुका काढलेलं.”

“आणि अबू नौफलने वाचलंय असं तुला कुणी सांगितलं?”

हिलमीने भिंत सांगितली, सलाम सांगितला, फडकं सांगितलं. हाजी गंभीर झाला. भिंत त्यालाही पटली.

“हे बघ बाळ,” तो म्हणाला, “एकदा मी मंडळी घेऊन तुझ्यासाठी त्याच्या दारात गेलो की तू गुन्हा कबूल केलास असा अर्थ होतो. मग मागे घेता येत नाही. तुमच्या वर्तमानपत्रांत चूकभूल छापतात तसलं आमच्यात नाही. मी असं कधी केलेलं नाही, मार बसायच्या आधी मलम घेऊन जायचं. विचार कर.”

“आईला गाव सोडावं लागेल, हाजी.”

“मग उद्या नमाजानंतर,” हाजी म्हणाला आणि खुंटीकडे बघितलं. “पुस्तक बरोबर घे. आणि मास्तरांना. पुरावा हिब्रूत आहे, तर जाणता माणूस हवा.”

ती रात्र हिलमीने आईच्या घरी पलंगाऐवजी जाड भिंतीला पाठ लावून काढली, आणि शुक्रवारी दुपारी नऊ माणसं अबू नौफलच्या बैठकीत ओळीने बसली. हाजी मध्यभागी. त्याच्या डाव्या हाताला लबीब मास्तर, ज्यांनी गावाला छत्तीस वर्षं हिब्रू शिकवली होती आणि ज्यांच्या खिशात आजही लाल पेन असे. हिलमी शेवटच्या खुर्चीवर, दाराजवळ. दारात नौफल उभा होता. तो इतका रुंद होता की दार असून नसल्यासारखं होतं. बाकीचे चौघे भाऊ भिंतीला टेकून, हात छातीवर बांधून.

समोर अबू नौफल. खांदा तसाच खाली, जपमाळ तशीच उलटी. घाण्यातून कॅनरीचा आवाज आला आणि हिलमीला पान एकशे बारा आठवलं.

धाकट्या मुलाने सगळ्यांपुढे कॉफी ठेवली. कडू, वेलदोड्याची, घोटभर. हाजीने पेला उचलला, ओठांजवळ नेला आणि तसाच खाली ठेवला. बाकी आठांनीही ठेवला. खोलीतली हवा बदलली. मागणी मान्य होईपर्यंत कॉफी प्यायची नाही, हे तिथल्या पोराबाळांनाही माहीत होतं. पण मागणी कसली, ते त्या घरात कुणालाच माहीत नसावं, कारण अबू नौफलच्या हातातली माळ थांबली.

“हाजी,” तो म्हणाला, “माझ्या घरात लग्नाची मुलगी उरलेली नाही.”

“आम्ही माफी मागायला आलोय, अबू नौफल. मिदहत बरहूमच्या मुलाकडून तुझ्या अब्रूला धक्का लागला. तो आपल्या पायांनी आलाय. माफी दिल्याशिवाय आम्ही हे पेले उचलणार नाही.”

“कसला धक्का?”

हिलमीने मान वर केली. म्हाताऱ्याच्या आवाजात सोंग नव्हतं.

“पुस्तकातला,” हाजी सावधपणे म्हणाला.

“कसलं पुस्तक?”

बरोबरच्या आठही माणसांनी हिलमीकडे बघितलं. भावांपैकी दोघांनी छातीवरचे हात सोडले. नौफल दारातून अर्धं पाऊल आत आला, म्हणजे दार आणखी बंद झालं.

“काका,” हिलमी म्हणाला, “काही नाही, एक गोष्ट आहे. काल्पनिक.”

“वाच,” अबू नौफल म्हणाला.

“हिब्रूत आहे.”

“मग अरबीत वाच. तुला दोन्ही येतात म्हणे.”

हिलमीने पुस्तक उघडलं. बावीस वर्षं ज्या दाराला त्याने आतून कडी लावली होती ते आता त्याला स्वतःच्या हाताने, सगळ्या गावासमोर, अरबीत उघडायचं होतं. त्याने अनुवाद सुरू केला. असा मवाळ अनुवाद जगात आजवर झाला नसेल.

“एक होता सद्गृहस्थ. त्याचा घाणा होता. त्याचा एक खांदा... जरासा विनम्र होता.”

“खाली लोंबत होता,” लबीब मास्तर मांडीवरच्या स्वतःच्या प्रतीत बघून म्हणाले. “मोडक्या फळीसारखा.”

“मास्तर.”

“शब्द आहे तिथे. मी खूण केलीय.”

“हा गृहस्थ कधीकधी अधिकाऱ्याला पत्र लिहायचा.”

“चिठ्ठ्या,” मास्तर म्हणाले. “पत्रं नव्हेत. आणि कधीकधी नाही, दर गुरुवारी. हिलमी, तू शाळेतही असंच गाळायचास.”

“पत्रात तो गावाची... खुशाली कळवायचा.”

मास्तरांनी नुसतं वर बघितलं. छत्तीस वर्षांत ज्या नजरेने त्यांनी तीन पिढ्यांची उत्तरं खोडली होती, तीच नजर. हिलमीने पान उलटलं. तो वाचत गेला, मास्तर दुरुस्त करत गेले, आणि चार पानं संपली तेव्हा खोलीत फक्त घाण्याची घरघर ऐकू येत होती. शेवटी तुरुंगात गेलेल्या मुलाची आई घाण्याच्या मालकाकडून तेल घ्यायला येते आणि तो तिला बाटली काठोकाठ भरून देतो. हे वाक्य तेल अवीवच्या तीन परीक्षणांत उद्धृत झालं होतं. इथे ते हवेत लोंबकळत राहिलं.

कुणीतरी दीर्घ श्वास घेतला. तो नौफल होता.

“बाबा,” तो म्हणाला, “मी जरा याला बाहेर घेऊन जाऊ का?”

“गप्प बस,” अबू नौफल म्हणाला. मग हिलमीकडे न बघता, त्याच्या शेजारच्या रिकाम्या जागेकडे बघत त्याने विचारलं, “त्या चिठ्ठ्या कुठल्या भाषेत होत्या म्हणालास?”

“हिब्रूत, काका.”

“मला हिब्रू लिहिता येते?”

“नाही.”

“तेव्हा येत होती?”

“नाही.”

“तेव्हा या गावात किती जणांना येत होती? मास्तर तर अजून शेंबूड पुसत होते.”

हाजी झैदानने डोळे मिटून घेतले. त्याला आधी कळलं. मग एकेकाला कळत गेलं, आणि एकेकाची नजर दाराजवळच्या खुर्चीकडे वळली. हिलमीला सगळ्यांत शेवटी कळलं. त्या काळात ऐन सुम्माकमध्ये हिब्रू लिहिणारा एकच माणूस होता. हैफाच्या बंदरात हमाली करताना शिकलेला. परवान्याचा प्रत्येक अर्ज, प्रत्येक विनंती, प्रत्येक तक्रार त्याच्याच हातची असे. मिदहत बरहूम. हिलमीचा बाप.

“एकच,” अबू नौफल म्हणाला. “तू माझ्या दारावर दगड मारलास, पोरा. तो जाऊन तुझ्या बापाच्या कबरीवर पडला.”

हिलमीने पुस्तक मिटलं. संपादकाने म्हटलं होतं, हिब्रूत कर. त्याने केलं होतं. आठ हजार प्रती.

“हाजी, कॉफी प्या,” म्हातारा म्हणाला. “माझ्याकडून माफ. एका अटीवर. आणि ती अट मी याला एकट्याला सांगणार.”

थंड झालेली कॉफी नऊ घशांतून खाली गेली. मंडळी उठली. हाजीने जाताना हिलमीच्या खांद्यावर हात ठेवला, तो थोडा जास्त वेळ ठेवला. “पोरांनो, तुम्हीही,” अबू नौफल म्हणाला. भाऊ हलेनात. “ऐकू येतं ना? नौफल, दार ओढून घे बाहेरून.”

दार लागलं. कडीचा आवाज झाला. घाण्याचं यंत्र जेवणाच्या सुट्टीसाठी त्याच क्षणी बंद झालं. इथून मागच्या बाजूने बाहेर पडता येत नव्हतं. त्याने खोलीत शिरतानाच पाहून ठेवलं होतं.

अबू नौफल उठला. चाचपडत उशीखाली हात घातला आणि फडक्यात गुंडाळलेलं ते बाहेर काढलं. आईने दाखवलेलं माप अगदी अचूक होतं.

“काका,” हिलमी म्हणाला, “माझी आई म्हातारी आहे.”

“माहीत आहे. माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी.” म्हातारा गाठ सोडत होता, पण गाठ त्याला सापडत नव्हती. बोटं फडक्यावरून नुसतीच फिरत होती. अखेर सुटली. आत कागदांची चवड होती, पिवळ्या, कडा झिजलेल्या कागदांची. वरच्या कागदावरचं अक्षर हिलमीने लगेच ओळखलं. बाळबोध, उभं, हमालाच्या हाताने जपून काढलेलं हिब्रू.

“तुझ्या बापाने आमच्यासाठी चाळीस वर्षं लिहिलेल्या अर्जांच्या नकला. तेल विकायला जायचा परवाना, भावाच्या सुटकेचा अर्ज, बायकोच्या दवाखान्याचा. असे गावातल्या प्रत्येक घरात आहेत. लोक त्याच्यापुढे बसून पोटातलं सगळं ओकायचे. सांगितल्याशिवाय अर्ज कसा होणार? अख्ख्या गावाची लफडी, चोऱ्या, सीमेपलीकडून रात्री कोण आलं आणि कुठे झोपलं, सगळं त्याला ठाऊक. आणि अधिकारी दर आठवड्याला त्याला बोलावून चहा पाजायचा.”

“मग त्यांनी...” हिलमीला पुढे विचारवेना.

“त्याने एक ओळ लिहिली असती तर अर्धं गाव तुरुंगात गेलं असतं. नाही लिहिली. दोनदा त्याच्या पायाच्या तळव्यांना फटके बसले, तरी नाही. त्याला तुझ्यापेक्षा जास्त माहीत होतं आणि तुझ्यापेक्षा बरी हिब्रू येत होती, असं आता मास्तरच म्हणतात. त्याने एक कादंबरी नाही काढली.”

हिलमीने त्या चवडीवरून बोट फिरवलं. त्याला रडू आलं असतं, पण दार अजून बाहेरून बंद होतं, आणि भीतीच्या जागी रडू यायला ती आधी जायला हवी होती.

“अट काय, काका?”

अबू नौफल पुढे झुकला. आवाज खाली आणला. “नोटीस आलीय,” तो म्हणाला, आणि चवडीच्या तळाचा एक नवा करकरीत कागद ओढून काढला. “गाडीचा परवाना काढून घेतला. डोळ्यांच्या तपासणीत नापास म्हणतात. पोरांना पत्ता नाही. कळलं तर किल्ल्या काढून घेतील आणि मला घाण्यात कोनाड्यात बसवतील, कॅनरीशेजारी. तीनदा तुझ्या आईकडे आलो. बाईमाणसाला काय सांगायचं?”

हिलमीच्या डोळ्यांपुढून आडवी भिंत गेली. अंजिराची फांदी गेली. मग रस्त्यात समोरासमोर उभी असलेली त्याची आई गेली, जिच्या आरपार बघत म्हातारा निघून गेला होता.

“माझे डोळे ठणठणीत आहेत,” अबू नौफल म्हणाला. “त्यांनी भिंतीवर हिब्रू अक्षरांचा तक्ता लावला होता. मला हिब्रू अक्षरं येत नाहीत, तर मी वाचू काय? ही डोळ्यांची चूक नव्हे, शाळेची आहे. हे असं नीट, वजनदार लिही. तुझ्या बापासारखं. काळीज चिरलं पाहिजे त्यांचं.”

“आणि नौफल? भाऊ?”

“त्यांनी आज जे ऐकलं ते माझ्या शब्दाखाली दबलेलं आहे. मी जिवंत आहे तोवर तुझ्या आणि तुझ्या आईच्या केसालाही कुणी हात लावणार नाही.”

मी जिवंत आहे तोवर. हिलमीने खिडकीतून बाहेर पाहिलं. अंगणात हिरवी गाडी उभी होती. पुढचा दिवा फुटलेला, दोन्ही आरसे गायब, उजवी बाजू पत्र्याच्या डब्यासारखी चेपलेली. तिच्यापलीकडे नौफल उभा होता. हिलमीच्या गाडीला टेकून, दाराकडे नजर लावून, घाई नसलेल्या माणसासारखा. आपला जीव या डोंगरात कुणाच्या जिवाला बांधलेला आहे, आणि तो दुसरा जीव रोज सकाळी कुठल्या गाडीत बसून त्या वळणांच्या रस्त्यावर निघतो, याचा हिशेब हिलमीला लागला. पत्र चांगलं उतरलं तर म्हातारा गाडी चालवणार. वाईट उतरलं तर अट मोडली.

“लिहितो,” तो म्हणाला. त्याचा आवाज तेल अवीवच्या सभेतल्या आवाजासारखा अजिबात नव्हता. त्याने खिशातून पेन काढलं, बापाच्या अर्जांची चवड गुडघ्यावर आधाराला घेतली आणि त्यावर कोरा कागद ठेवला.

“शाबास,” अबू नौफल म्हणाला. तो त्याच्या अंगावर इतका वाकला की त्याचं नाक जवळजवळ कागदाला टेकलं. थोडा वेळ तो डोळे बारीक करून त्या पांढऱ्या कागदाकडे बघत राहिला.

“आणि हे बघ, अक्षर जरा मोठं काढ,” तो म्हणाला. “सही कुठे करायची ते मला दिसायला हवं.”